भांडं आणि पाणी : समुद्रपातळीच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ ऑगस्ट
शनिवारी परभणीला गेले होते. परतीच्या गाडीला उशीर होता, म्हणून फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथं स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी असते आणि नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. तिचा फोटो काढून आज नववीला दाखवला. आकडा चारशे मीटरच्या आसपासचा.

"ही उंची कुठून मोजली?" "समुद्रापासून, बाई." "भरतीच्या समुद्रापासून की ओहोटीच्या?" वर्ग गप्प. मग शेवटच्या बाकावरनं आलं, "पण बाई, समुद्राची उंची एकच राहती का?"

या वर्षीच्या तालुका विज्ञान प्रदर्शनाचा विषय तिथंच ठरला. गटात चौघं आहेत. एक मुलगी नोंदवही ठेवणार, तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. दुसरी गणितात पक्की. एक मुलगा गवंड्याचा, एक मोटर रिवायंडिंगवाल्याचा. चौघांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नाही. मी दोनदा पाहिलाय.

८ ऑगस्ट
"सरासरी समुद्रपातळी" म्हणजे काय, यावरच अख्खा तास गेला. भरती-ओहोटी, लाटा, वादळ, सगळं वर्षानुवर्षं मोजत राहायचं आणि सरासरी काढायची. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक यंत्राच्या नोंदी आहेत, आशियातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून २०१८ पर्यंत जगाची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. पट्टी हातात घेऊन २० सेंमी दाखवल्यावर रिवायंडिंगवाल्याचा पोरगा म्हणाला, "एवढंच?"

एवढंच. पण समुद्राचा पसारा ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटरचा आहे. एवढ्या पसाऱ्यावर एक मिलिमीटर पाणी चढवायला जवळजवळ ३६० अब्ज टन पाणी लागतं. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, प्रकल्प संपेपर्यंत पुसायचा नाही.

मुलांना विचारलं, पातळी कशानं वाढते? चौघांचं एकच उत्तर, बर्फ वितळतो म्हणून. पेपरात तेवढंच छापून येतं. हे उत्तर अर्धं आहे आणि उरलेलं अर्धं मुलांनी हातानं करून पाहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१४ ऑगस्ट
पहिला प्रयोग फसला. गोल बुडाच्या चंबूत शाळेच्या बोअरचं पाणी शाईनं रंगवून बुचापर्यंत भरलं, बुचातून काचेची नळी आणि थर्मामीटर खाली सोडला, चंबू कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवला. नळीतलं पाणी सरसर चढलं, हिशेबापेक्षा कितीतरी वर. नोंदवहीवाली खूश झाली, गणितवाली नाही. तिनं चंबू उजेडात धरला. आतल्या काचेला मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले होते. पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर बाहेर आली होती आणि तीच पाणी वर ढकलत होती.

पाणी आधी उकळून, झाकून, रात्रभर निववायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

२२ ऑगस्ट
आज जमलं, म्हणून सविस्तर लिहिते.

चंबूत बुचापर्यंत मोजून ५०० मिलिलिटर पाणी. नळीचा आतला व्यास ४ मिलिमीटर, मागं कागदी पट्टी चिकटवलेली. बुडबुडा एकही नाही. पाणी २५ अंशांवर असताना पातळीवर खूण केली. मग घमेल्यात गरम पाणी ओतत ओतत थर्मामीटर ३५ वर आणला. दहा अंशांत पाणी नळीत ११.४ सेंमी चढलं. वरून एक थेंब टाकलेला नाही. पाणी तेवढंच, वजन तेवढंच, फक्त फुगलं.

मग गवंड्याच्या पोरानं गावातल्या बर्फगोळेवाल्याकडून बर्फ आणला. तोच चंबू बर्फात बसवून पाणी ५ अंशांपर्यंत उतरवलं आणि तिथून १५ पर्यंत तापवलं. तेही दहाच अंश. चढ आला ३.१ सेंमी. मुलांना वाटलं चूक झाली, म्हणून पुन्हा केलं. ३ सेंमी.

"थंड पाणी कमी फुगतं," गणितवाली म्हणाली. बरोबर. गोड्या पाण्याची ४ अंशांची गंमत (त्याखाली ते गार होताना उलट फुगतं) सातवी-आठवीत होते, आणि समुद्राचं पाणी खारं असल्यामुळे त्याचं वागणं नेमकं तसं नसतं. पण गरम पाणी त्याच उष्णतेत जास्त फुगतं हा नियम समुद्रालाही लागू आहे. म्हणजे महासागरात उष्णता किती शिरली एवढं पाहून भागत नाही, कुठल्या पाण्यात शिरली हेही पाहावं लागतं. विषुववृत्ताजवळच्या कोमट थरात शिरलेली उष्णता ध्रुवाजवळच्या गार पाण्यातल्या तेवढ्याच उष्णतेपेक्षा पातळी जास्त चढवते.

१९७१ ते २०१८ या काळातल्या वाढीपैकी सुमारे निम्मी वाढ या नुसत्या फुगण्याची आहे. डोंगरांवरच्या हिमनद्यांची २२ टक्के, ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या हिमचादरींची २० टक्के आणि जमिनीवरच्या पाणीसाठ्यातल्या बदलांची ८ टक्के. अलीकडच्या वर्षांत बर्फाचा वाटा फुगण्याच्या पुढं गेलाय, पण निम्मं उत्तर आमच्या चंबूत होतं.

२३ ऑगस्ट
काल लिहायचं राहिलं. चंबू गरम पाण्यात बुडवला त्या क्षणी नळीतलं पाणी आधी खाली गेलं, तीनेक मिलिमीटर. मग चढायला लागलं. नोंदवहीवालीच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं लिहिलंय, "पाणी आदी उतरलं. का?"

उष्णता आधी काचेला लागते. काच फुगते, चंबू जरासा मोठा होतो, आतलं पाणी अजून तेवढंच असतं, म्हणून पातळी उतरते. भांडं मोठं झालं की पाणी खाली बसतं. या एका ओळीवर प्रकल्पाचा पाया ठरला. आता तक्त्यावर तीन प्रश्न असतील. पाणी किती? ते फुगलंय किती? भांडं केवढं?

तिच्या "आदी"ला मी लाल शाई लावली नाही.

२ सप्टेंबर
बर्फाचा प्रयोग. तरंगता बर्फ वितळला, पेल्यातली पातळी हलली नाही. दगडावर ठेवलेला वितळून पेल्यात आला, पातळी चढली. वीस मिनिटांत झालं. म्हणून जमिनीवरचाच बर्फ मोजायचा. तो सगळा वितळला तर समुद्र ग्रीनलँडमुळे ७ मीटरहून जास्त चढेल आणि अंटार्क्टिकामुळे सुमारे ५८ मीटर.

१७ सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. पोरं घरी जाईनात, म्हणून प्रयोगशाळा उघडली.

शाळेमागून जायकवाडीच्या डाव्या कालव्याची चारी जाते. पाळी सुटली की पोरं तिच्यात पाय बुडवून बसतात. रिवायंडिंगवाल्याचा पोरगा म्हणाला, "बाई, पैठणचं धरण बांधलं तवा समुद्र उतरला असंल की." मला हा प्रश्न फार आवडला. तो माझ्या तक्त्यात नव्हता.

नाथसागराची, म्हणजे पैठणच्या धरणाच्या जलाशयाची, एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. एरवी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात गेलं असतं ते एवढं पाणी जमिनीवर अडलं. त्याला समुद्राच्या क्षेत्रफळानं भागलं. गणितवालीनं शून्यं तीनदा मोजली. उत्तर आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठ हजारावा भाग नव्हे, आठ भागिले हजार. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा हिस्सा.

पोरांची तोंडं उतरली. एवढं मोठं धरण आणि केसाचा दहावा हिस्सा! मग मी पुढचा आकडा सांगितला. विसाव्या शतकात जगभर बांधलेल्या धरणांमागं अडलेलं पाणी सुमारे १०,८०० घन किलोमीटर धरलं जातं (एक घन किलोमीटर पाणी म्हणजे एक अब्ज टन). फळ्याच्या कोपऱ्यातला ३६० चा आकडा वापरून त्यांनी स्वतः भागलं आणि ३० मिलिमीटर आले. तीन सेंटिमीटर! धरणं नसती तर समुद्र आज तेवढा आणखी वर असता. नाथसागर त्या तीन सेंटिमीटरमध्ये आहे, केसाच्या दहाव्या हिश्श्यानं का होईना.

घरी निघताना लातूरची पाण्याची रेल्वे आठवली. मी माहेरची लातूरची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. समुद्रावर पसरलं तर त्या पाण्याचा थर एका अणूच्या रुंदीपेक्षाही कितीतरी पातळ होईल. माझ्या आईनं त्या दिवसांत भांडी घासलेलं पाणी संडासाला वापरलं होतं.

२६ सप्टेंबर
धरण झालं, मग बोअर आलाच. धरण पाणी जमिनीवर धरून ठेवतं, बोअर ते जमिनीतून काढतो. काढलेलं पाणी पिकातून, बाष्पातून, ओढ्यांतून शेवटी समुद्राकडं जातं. जेवढं उपसलं तेवढं पावसानं परत भरलं तर हिशेब शून्य. भरलं नाही तर समुद्राच्या खात्यात जमा.

आपल्याकडं काळा पाषाण आहे. पाणी भेगांत आणि झिजलेल्या मुरमात राहतं, साठा मुळात थोडा. पाऊस चांगला झाला की विहिरी भरतात, उन्हाळ्यात तळ दिसतो. वायव्य भारतातली गाळाची जमीन वेगळी, तिथला साठा खोल आणि प्रचंड. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि दिल्ली मिळून १०९ घन किलोमीटर भूजल घटलं, असं उपग्रहांच्या मोजणीतून निघालं. पोरांनी लगेच भागलं, मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. आता ती जे दिसेल त्याला ३६० नं भागतात.

उलटंही घडतं. २०१० च्या मध्यानंतर ला निना (पॅसिफिकच्या मधल्या-पूर्वेकडच्या भागातलं पाणी नेहमीपेक्षा गार पडतं तो काळ) जोरात होता. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेत इतका पाऊस पडला की २०१० च्या सुरुवातीपासून २०११ च्या मध्यापर्यंत जगाची सरासरी पातळी सुमारे ५ मिलिमीटर उतरली. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या भागातल्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत, आयर सरोवराच्या खोलगटात जातात, त्यामुळे ते पाणी बरेच महिने जमिनीवरच अडून राहिलं. दर साल पृथ्वीचं पाणी असं जमीन आणि समुद्र यांच्यात ये-जा करतं आणि पातळी काही मिलिमीटर हलते.

५ ऑक्टोबर
तिसरा प्रश्न, भांडं केवढं. हाच सगळ्यांत अवघड जाईल असं वाटलं होतं. नोंदवहीवालीनं घरून कणीक आणली, सैल भिजवलेली, परातीत पसरलेली. मधोमध वरवंटा ठेवला. कणीक मधे दबली, कडेनं फुगून आली. वरवंटा उचलला. खड्डा हळूहळू भरू लागला, कडेचा फुगवटा हळूहळू बसू लागला. आम्ही पाचही जण डबे तसेच ठेवून बघत बसलो.

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी कॅनडावर आणि उत्तर युरोपवर किलोमीटरांच्या जाडीचा बर्फ होता. समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून जास्त खाली होता. बर्फाच्या वजनानं खालची जमीन दबली, खोलातला घट्ट पण वाहता थर बाजूला सरकला. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली तरी जमीन अजून वर येतेय, हडसन उपसागराच्या आसपास वर्षाला सेंटिमीटरच्या घरात. त्याच हिशेबात महासागरांचे तळ सरासरी किंचित खाली जात आहेत. भांडं मोठं होतंय. त्यामुळे उपग्रहानं मोजलेल्या वाढीत वर्षाला ०.३ मिलिमीटर मिळवावे लागतात, नाहीतर पाण्याची खरी वाढ कमी दिसते. चंबूतला तीन मिलिमीटरचा उतार तो हाच.

याहून संथ गोष्टही आहे. महासागरांच्या तळाशी पासष्ट हजार किलोमीटरच्या आसपास लांबीची डोंगररांग आहे, तिथं नवा तळ तयार होतो. नवा तळ गरम म्हणून उंच. वेगानं तयार होत असेल तर रांग रुंद आणि फुगीर होते, पाण्याला जागा कमी उरते आणि समुद्र जमिनीवर चढतो. दहा कोटी वर्षांपूर्वी असंच होतं, समुद्र आजच्यापेक्षा शंभराहून जास्त मीटर वर. तेव्हा नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र मध्य प्रदेशात बाग नावाच्या गावापर्यंत आत आला होता. तिथल्या खडकांत शार्कचे दात आणि शिंपले सापडतात. आपला काळा पाषाण त्यानंतरचा, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. डोंगररांगेची ही हालचाल समुद्राची पातळी हजार वर्षांत फार तर सेंटिमीटरभर हलवते. शंभर वर्षांतल्या वीस सेंटिमीटरचं ओझं तिच्यावर टाकता येत नाही. हे मुलांना ठासून सांगितलं, कारण "पृथ्वीवर असं आधीपासून होतंय" हे वाक्य त्यांच्या कानावर आलेलं आहे.

१८ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. रिवायंडिंगवाल्याचा पोरगा उसाच्या फडावर गेलेल्या मामाकडं होता, परवा आला.

आज गवंड्याच्या पोराचा दिवस होता. त्यानं वडिलांचा लेव्हल पाइप आणला, घर बांधताना दोन कोपरे एका पातळीत आणायचा तो पारदर्शक पाइप. दोन्ही टोकं वर धरली की पाणी दोन्हीकडं सारखं. आम्ही त्यात मिठाचं पाणी भरलं, लिटरला दीडशे ग्रॅम मीठ. पाणी दोन्हीकडं सारखं. मग एका टोकातून लाल रंगाचं गोडं पाणी अगदी हळू सोडलं, २० सेंमीचा थर होईपर्यंत. लाल बाजू उंच राहिली, जवळपास पावणेदोन सेंमी.

"बाई, पाइपात हवा राहिली असंल," तो म्हणाला. त्याच्या घरी पातळी जुळली नाही की पहिला संशय हवेवर. त्यानं पाइप टिचक्या मारत मारत टोकापर्यंत तपासला. हवा नव्हती. गोडं पाणी हलकं, म्हणून तेवढंच वजन तोलायला त्याला जास्त उंच उभं राहावं लागतं.

सर्वेक्षण करत मुंबईपासून विशाखापट्टणमपर्यंत उंची मोजत नेली, तेव्हा विशाखापट्टणमची सरासरी समुद्रपातळी सुमारे ३० सेंमी वर आली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याचं मुख्य कारण खारटपणातला फरक असल्याचं दाखवलं. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी ओततात, पाऊसही भरपूर. अरबी समुद्रात नद्या कमी आणि बाष्पीभवन जास्त, म्हणून तो खारट आणि जड. आमच्या चारीतलं उरलेलं पाणी शेवटी कोणत्या बाजूला जातं, हे पोरांनी नकाशावर बोटानं काढलं. गोदावरी घरातल्यासारखी आहे, पण ती समुद्राच्या पातळीत भाग घेते हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

एकेका महासागराच्या आत पातळी अशी खालीवर असते. वाराही पाणी लोटतो. पॅसिफिकमध्ये व्यापारी वारे कोमट पाणी इंडोनेशियाकडं ढकलत राहतात, तिथं पातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा अर्धा मीटरभर वर. एल निनोत वारे मंदावतात आणि पाणी परत पूर्वेला सरकतं.

२१ नोव्हेंबर
गुरुत्वाकर्षणावर थोडक्यात. ग्रीनलँडचा बर्फ इतका जड आहे की तो आजूबाजूचा समुद्र स्वतःकडं ओढून धरतो. बर्फ वितळला की ओढ कमी होते, ग्रीनलँडजवळची पातळी उतरते आणि दूरच्या उष्ण कटिबंधात सरासरीहून जास्त चढते. म्हणजे ते पाणी आपल्या बाजूला येतं. याचा प्रयोग करता आला नाही.

२ डिसेंबर
"हे सगळं खरंय हे कशावरून?" गणितवालीचा प्रश्न. त्याचं उत्तर मला या विषयात सगळ्यांत सुंदर वाटतं.

मोजणी तीन वेगळ्या वाटांनी होते. एक, उपग्रह रडारनं समुद्राचा पृष्ठभाग मोजतात. ऑगस्ट १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन सुटला, त्यानंतर जेसन मालिका आणि आता सेंटिनेल-६. २५ फेब्रुवारी २०१३ ला भारत आणि फ्रान्सनं मिळून 'सरल' हा उपग्रह सोडला. १९९३ पासून आतापर्यंत पातळी सुमारे १० सेंमी चढली आणि चढण्याचा वेग तेव्हाच्या दुपटीवर गेलाय. दोन, आर्गो तरंगक, म्हणजे समुद्रात सोडलेली मोजणीची यंत्रं. जगभर चार हजारांच्या आसपास, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येतात, वाटेत तापमान आणि खारटपणा टिपतात. त्यावरून पाणी किती फुगलं ते निघतं. तीन, ग्रेस नावाचे जोड उपग्रह (२००२ ते २०१७) आणि २०१८ पासून त्यांच्या जागी आलेली ग्रेस-एफओ ही जोडी, एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरवर एकामागून एक जाणारे. खाली वजन जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो, अंतर किंचित बदलतं. त्यावरून पाण्याचं वजन कुठं वाढलं, कुठं घटलं ते कळतं. पहिल्या जोडीचं लाडकं नाव टॉम आणि जेरी, हे ऐकून वर्गात एकच गलका.

आता हिशेब. आर्गोचं फुगणं आणि ग्रेसचं वजन यांची बेरीज केली की रडारच्या आकड्याशी मेळ बसतो. तीन अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून केलेली बेरीज जुळावी तसं. गणितवाली बराच वेळ काही बोलली नाही, मग तिनं तक्त्यावर तिन्ही आकडे ठळक पेननं पुन्हा काढले.

१४ डिसेंबर
प्रदर्शन. जीपमधून चंबू मांडीवर घेऊन गेले, बाकी सामान पोरांकडं. परीक्षकांनी विचारलं, मराठवाड्यात समुद्र कुठाय, हा विषय का घेतला? प्रश्न चांगल्या मनानं विचारलेला होता. नोंदवहीवाली म्हणाली, "सर, आर्गोचं आपल्या देशाचं काम हैदराबादेतून चालतं. तिथंबी समुद्र नाही. अन् पैठणचं पाणी समुद्राच्या हिशेबात हाय, आम्ही काढून दाखवतो." मग तिनं भागाकार तोंडपाठ करून दाखवला.

जिल्ह्यासाठी निवड झाली नाही. गवंड्याचं पोरगं परतीच्या वाटेवर झोपलं, लेव्हल पाइप गळ्यात तसाच.

२० डिसेंबर
चंबू मोडून ठेवायला गेले तर नोंदवहीवाली म्हणाली, "बाई, राहू द्या." तिनं तो खिडकीजवळच्या फळीवर बसवलाय, नळीमागं नवी पट्टी चिकटवलीय. गार पडलंय, सकाळ-दुपारच्या तापमानात बराच फरक आहे. ती शाळेत आल्याबरोबर एकदा आणि मधल्या सुट्टीनंतर एकदा नोंद करते. आजची तिच्या अक्षरात:

सकाळी ७.४०, पाणी १८ अंश, पातळी ४.२ सेंमी.
दुपारी २.३०, पाणी २५ अंश, पातळी १०.१ सेंमी. बुडबुडा नाही.